मेंढ्या-शेळ्यांच्या पोटातले जंत: माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंतच्या कळपांसाठी

माण, खटाव, फलटणचा पूर्व भाग, खाली आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत हा सगळा कमी पावसाचा पट्टा. रान कोरडं, गवत विरळ, त्यामुळे इथल्या मेंढरांना जंतांचा फारसा त्रास नाही, असं पूर्वापार धरून चालतात. मार्च ते मे एवढ्यापुरतं ते बरोबर आहे. पण या भागातला पाऊस जूनपेक्षा सप्टेंबरात जास्त पडतो आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत जंतांचा जोर इतका वाढतो की उन्हाळ्यात तगलेली जनावरं दिवाळीपर्यंत खंगतात. त्यात टेंभू, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचं पाणी आलं. पाणी आलं हे चांगलंच झालं, पण कालव्याच्या कडेची ओल, पाझराची डबकी आणि उसाच्या बांधावरचं बारमाही हिरवं गवत हे जंतांच्या अळ्यांना आणि गोगलगायींना हवं तसं घर आहे. त्यामुळे आजोबांच्या काळचा अंदाज आता लागू पडत नाही.

दुसरी अडचण औषधाची. वर्षातून दोन-तीनदा ठरल्या तारखेला अख्ख्या कळपाला एकच औषध अंदाजाने पाजायचं, ही पद्धत सोपी आहे, पण तिनेच जंत औषधाला दाद देईनासे होतात. पुढे जे सांगितलं आहे त्याचा गाभा एवढाच: आधी कोणता जंत आहे ते ओळखा, मग कोणत्या जनावराला औषधाची गरज आहे ते बघा, आणि ज्याला द्याल त्याला वजन करून पूर्ण मात्रा द्या.

पहिला शत्रू: चौथ्या पोटातला रक्तपिपासू जंत

मेंढी-शेळीला सगळ्यात जास्त मारणारा जंत म्हणजे हेमोंकस. तो आतड्यात नव्हे, आतड्याच्या आधी असलेल्या चौथ्या पोटात राहतो. मादी दोन ते तीन सेंटिमीटर लांब, सुतासारखी बारीक. तिच्या रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढरी अंडनलिका पीळ घातल्यासारखी गुंडाळलेली असते, म्हणून नीट पाहिलं तर ती लाल-पांढरी पट्ट्यांची दिसते. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त खर्ची पाडतो. आकडा किरकोळ वाटतो, पण हिशेब करा: पोटात २,००० जंत असले तर रोजचं १०० मिलिलिटर रक्त गेलं. ३० किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असतं जेमतेम दोन लिटर. चांगला चारा मिळाला तर ती काही दिवस भरून काढते, नंतर नाही.

एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात. पावसाळी उबदार हवेत पाच-सात दिवसांत अंड्यातून बाहेर आलेली अळी लागण करण्याजोगी होते आणि दवाच्या, पावसाच्या ओलीवर गवताच्या पात्यावर चढते. फार वर जात नाही, बहुतेक अळ्या जमिनीपासून पाच सेंटिमीटरच्या आतच असतात. मेंढीने ते गवत खाल्लं की साधारण तीन आठवड्यांत पोटातली नवी मादी अंडी घालायला लागते. म्हणजे जुलैच्या सुरुवातीला दोन-चार मेंढ्यांच्या पोटात असलेला जंत सप्टेंबरपर्यंत तीन पिढ्या पुढे गेलेला असतो.

लक्षणं ओळखताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: हेमोंकसने सहसा हगवण लागत नाही. लेंडी नेहमीसारखी, कधी थोडी काळपट आणि घट्ट. ‘हगत नाही म्हणजे जंत नाहीत’ या समजुतीपायी कितीतरी कोकरं जातात. दिसतं ते असं: मेंढी कळपाच्या मागे राहते, चढावर थांबते, धापा टाकते, लोकर सहज उपटून येते, डोळ्याची आतली कातडी आणि हिरड्या पांढुरक्या पडतात. रक्तातलं प्रथिन घटलं की जबड्याखाली पाण्याची मऊ सूज येते. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी ती मोठी दिसते आणि सकाळी उतरलेली असते, म्हणून तपासायची तर संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात, घालण्याच्या वेळी तपासा. जोराची लागण असेल तर अंगाने बऱ्यापैकी भरलेलं कोकरूसुद्धा काही कळायच्या आत मरतं.

बाकीचे

पातळ हगवण, शेपटी बरबटलेली आणि वजन घटत चाललेलं असेल तर आतड्यातले बारीक गोल जंत असू शकतात. त्यातला एक प्रकार आतड्याच्या भिंतीत गाठी करतो. कापल्यावर आतडं खडबडीत लागतं आणि खाटीक ते टाकून देतो.

कोकरा-करडांच्या लेंडीवर भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले की मालक घाबरतो. ते पट्टकृमीचे तुकडे. गवतातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक किड्यांमार्फत ते पोटात जातात. दिसायला भयंकर, पण नुकसान हेमोंकसच्या मानाने कमी. फार झाले तर प्राझिक्वांटेल हे औषध चालतं. पण डोळ्याला हे दिसतात म्हणून याच्यावर पैसे खर्च होतात आणि न दिसणारा हेमोंकस तसाच राहतो, हे मात्र नेहमीचं आहे.

तीन आठवडे ते पाच-सहा महिन्यांच्या पिल्लांना रक्तमिश्रित, घाण वासाची हगवण लागली, पिल्लू कुंथतंय, आणि एकाच दावणीतली चार-पाच एकदम आजारी पडली, तर तो बहुधा जंत नसून कॉक्सिडिया असतो. हा एकपेशीय जीव आहे, त्यावर अल्बेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिन ही जंतांची औषधं कितीही पाजा, उपयोग शून्य. अ‍ॅम्प्रोलियम ५० मिलिग्रॅम प्रति किलो, रोज एकदा, सलग पाच दिवस, किंवा डॉक्टर सांगतील ते सल्फा औषध. अ‍ॅम्प्रोलियम ठरल्यापेक्षा जास्त किंवा जास्त दिवस दिलं तर थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व कमी पडतं आणि पिल्लू डोकं मागे टाकून आडवं होतं. पिल्लांची जागा कोरडी केल्याशिवाय हा रोग हटत नाही.

पाणी आलेल्या गावांसाठी: चपटे कृमी

यकृतात राहणारा पानासारखा कृमी (यकृतकृमी) आणि कोठीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, राहणारे पर्णकृमी, दोघांनाही मध्ये गोगलगाय लागते. कालव्याचा पाझर, शेततळ्याच्या कडा, ओढ्यातली साचलेली डबकी इथे ही गोगलगाय असते, आणि पाणी ओसरत जातं तसं कडेच्या गवताला कृमीचे बारीक कोष चिकटून राहतात. पावसाळा संपल्यावर डबक्याच्या कडेचं लुसलुशीत गवत हेच सगळ्यात धोक्याचं. भाताच्या रानातही हेच. दिवाळीनंतर कोकणात जाणारे फलटणकडचे कळप तिथून हे कृमी घेऊन येऊ शकतात.

पर्णकृमीची पिल्लं लहान आतड्यात असताना पाण्यासारखी दुर्गंधी हगवण लागते, जबड्याखाली सूज येते, आणि मेंढी एकसारखी पाणी पिते. नेहमीच्या लेंडी तपासणीत काहीच सापडत नाही, कारण कृमी अजून अंडी घालण्याच्या वयाचा झालेला नसतो. अशा वेळी चराईचा इतिहास डॉक्टरांना सांगा: ‘गेल्या महिन्यात तलावाच्या पोटात चारत होतो’ हे एक वाक्य तपासणीच्या कागदापेक्षा कामाचं ठरतं. यकृतकृमीवर ट्रायक्लाबेंडाझोल १० मिलिग्रॅम प्रति किलो सगळ्यात चांगलं, कारण ते लहान आणि मोठे दोन्ही मारतं. पर्णकृमीवर ते चालत नाही, तिथे ऑक्सिक्लोझानाइड लागतं, १५ मिलिग्रॅम प्रति किलो. बाजारात ऑक्सिक्लोझानाइडबरोबर लेव्हामिसोल घातलेली बाटली सर्रास मिळते. त्यातला लेव्हामिसोल जास्त झाला तर जनावर लाळ गाळतं, थरथरतं, म्हणून ती वजन न करता पाजू नका.

पापणी कशी बघायची

हेमोंकससाठी दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली फामाचा नावाची पद्धत आहे. फ्रान्स्वा मलान या पशुवैद्याच्या नावावरून तिला हे नाव पडलं. खालच्या पापणीच्या आतल्या कातडीचा रंग पाच पट्ट्यांच्या कार्डाशी ताडून बघायचा: १ म्हणजे लालभडक, २ लालसर गुलाबी, ३ गुलाबी, ४ फिकट गुलाबी-पांढरा, ५ पांढराफटक. ४ आणि ५ ला औषध द्यायचंच. ३ आला तर मोठ्या धडधाकट मेंढीला सोडा, पण कोकरू, गाभण किंवा नुकती व्यालेली असेल तर द्या. १ आणि २ ला काही नको.

बघण्याची रीत महत्त्वाची आहे. जनावर उघड्या उन्हात उभं करा, गोठ्याच्या सावलीत सगळ्याच पापण्या फिक्या दिसतात. एका हाताच्या अंगठ्याने वरची पापणी खाली ओढून डोळा मिटवा आणि पापणीवरूनच बुबुळ अगदी हलकं आत दाबा. दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली सरकवा. आतली ओली कातडी वर फुगून येते. तिच्या मधल्या भागाचा रंग बघायचा, कडेचा नाही. दोन-तीन सेकंदांत ठरवा, जास्त वेळ पापणी ओढून धरली तर ती लाल होत जाते. दोन्ही डोळे बघा आणि जो फिका असेल तो धरा. दोन आकड्यांत घोटाळा झाला तर जास्त फिका आकडा लिहा.

इथल्या फुफाट्यात एक अडचण येते. धूळ बसून किंवा डोळे आल्याने पापणी लाल होते आणि आजारी मेंढी निरोगी ठरते. डोळ्यातून पाणी गळत असेल तर हिरडी बघा. उलट बाजूने, पापणी पांढरी पडायला यकृतकृमी, गोचीड किंवा उपासमारही कारण असू शकते. मोबाईलवर आलेल्या फोटोतल्या रंगांवर जाऊ नका, प्रत्येक पडद्यावर गुलाबी वेगळा दिसतो. छापील कार्ड वापरा, तेही पेटीत ठेवा, उन्हात टाकलं की रंग उडतात.

जुलै ते नोव्हेंबर दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे. वाघरीच्या तोंडाशी एक माणूस धरायला आणि एक बघायला असला की शंभर मेंढ्या सकाळच्या चराईआधी होतात. शंभरातल्या दहाहून जास्त ४-५ वर गेल्या तर पुढची तपासणी आठवड्यातच करा आणि रान बदला. ज्यांना औषध दिलं त्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्या आणि वहीत लिहा. एका हंगामात तीन-तीनदा औषध लागणारी मेंढी त्याच कळपात दिसेल. तिची पाट (मादी पिल्लू) किंवा नर वंशासाठी ठेवू नका. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात आणि ही प्रवृत्ती काही प्रमाणात पिल्लांत उतरते. जंताला तोंड देण्याची ताकद जातीजातीत वेगळी असते, हे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या कामातही दिसलं आहे: बंगालची बुटकी गारोळ मेंढी हेमोंकसपुढे दख्खनीपेक्षा चांगली टिकते. दख्खनी आणि माडग्याळमध्येही टिकणाऱ्या माद्या असतात. त्या सापडतात त्या वहीतूनच.

लेंडी तपासणी

जमिनीवरची लेंडी उचलू नका, तिच्यात मातीतल्या अळ्याही असतात. हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी बोटात घालून थेट गुदद्वारातून दहा-बारा लेंड्या घ्या. किमान दहा जनावरं, त्यात काही अशक्त, काही चांगली, काही कोकरं. प्रत्येकाची पिशवी वेगळी, हवा दाबून काढून गाठ मारलेली, वर नंबर. हवा राहिली आणि ऊन लागलं तर अंडी उबून अळ्या बाहेर पडतात आणि मोजणी चुकते. ओल्या फडक्यात गुंडाळून थंड ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, आणि २४ तासांत दवाखान्यात पोहोचवा. तालुक्याच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक नसेल तर जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा.

तिथे २ ग्रॅम शेण २८ मिलिलिटर मिठाच्या दाट पाण्यात कालवून, गाळून मोजणीच्या काचेवर बघतात. दोन्ही खणांत सापडलेली अंडी गुणिले ५० म्हणजे एक ग्रॅम शेणातली अंडी. ढोबळमानाने ५०० च्या आत सौम्य, २,००० च्या वर जोराची लागण. मोजणी मागताना ‘चपट्या कृमीसाठी तळ बसवूनही बघा’ असं आवर्जून सांगा, कारण त्यांची अंडी जड असल्याने मिठाच्या पाण्यावर तरंगत नाहीत.

मेलेली मेंढी कापून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी, पण आधी एक अट. अचानक मेली असेल आणि नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर तिला सुरी लावू नका. तो फाशी (अँथ्रॅक्स) हा रोग असू शकतो आणि माणसालाही होतो, डॉक्टरांना बोलवा. तसं नसेल तर हातमोजे घालून चौथं पोट काढा: मोठं कोठीपोट, जाळीचं, पानांचं आणि त्याच्या पुढे आतड्याला जोडलेलं लांबट पोट ते चौथं. ते लांबीने चिरून उघडा, चारा हलक्या हाताने बाजूला करा. मेल्यावर तासा-दोन तासांच्या आत बघितलं तर भिंतीवर लाल धाग्यांची हालचाल डोळ्यांनी दिसते, आणि भिंतीवर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. उशीर झाला की जंत मरून फिके पडतात आणि चाऱ्यात हरवतात. मग ते पोट बादलीभर पाण्यात धुऊन, पाणी काळ्या पत्र्यावर ओतून बघावं लागतं.

मात्रा

औषधं नावाने डझनभर, गट मात्र मोजके. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एका गटातले. आयव्हरमेक्टिन आणि डोरामेक्टिन दुसऱ्या गटातले. लेव्हामिसोल तिसऱ्यात. क्लोझांटेल आणि राफोक्झानाइड हे रक्त पिणाऱ्या जंतांवर आणि यकृतकृमीवर चालणारे चौथ्यात. दुकानदाराने ‘कंपनी बदलून देतो’ म्हटलं तरी आतला घटक तोच असेल तर काही बदललं नाही. बाटलीवर घटकाचं नाव आणि एक मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम हे दोनच बघा.

हिशेब सरळ आहे: वजन गुणिले प्रति किलो मात्रा, भागिले एका मिलिलिटरमधले मिलिग्रॅम. अल्बेंडाझोलचं २.५ टक्क्यांचं औषध म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम. ३२ किलोच्या मेंढीला ७.५ मिलिग्रॅम प्रति किलोने २४० मिलिग्रॅम, म्हणजे ९.६ मिलिलिटर. शेळीचं यकृत हे औषध लवकर बाहेर टाकतं, म्हणून तिला मेंढीपेक्षा जास्त मात्रा लागते: अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल १० मिलिग्रॅम प्रति किलो. त्याच ३२ किलोच्या शेळीला १२.८ मिलिलिटर. मेंढ्यांत दोन-चार शेरडं असतात आणि सगळ्यांना एकच माप पाजलं जातं. मग शेळ्यांच्या पोटातले अर्धवट मात्रा पचवलेले जंत सगळ्या रानावर पसरतात.

मात्र ‘शेळीला जास्त’ हा नियम सगळीकडे लावू नका. क्लोझांटेल १० मिलिग्रॅम प्रति किलोपेक्षा जास्त झालं तर जनावर आंधळं होऊ शकतं, आणि ती दृष्टी परत येत नाही. लेव्हामिसोल मेंढीला ७.५ मिलिग्रॅम, आणि शेळीला द्यायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात देऊ नका, पोटातल्या पिल्लाला व्यंग येतं. नर कळपात सोडल्याची तारीख माहीत नसेल तर फेनबेंडाझोल बरं. आयव्हरमेक्टिनचं एक टक्क्याचं इंजेक्शन कातडीखाली ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो, ३२ किलोला ०.६४ मिलिलिटर, इन्सुलिनच्या बारीक सुईने नव्हे, पण एक मिलिलिटरच्या सिरिंजनेच मोजा. पाच मिलिलिटरच्या सिरिंजवर एवढं माप नीट दिसत नाही.

वजन डोळ्याने करू नका, डोळा नेहमी कमी सांगतो. झोळी करून ताणकाट्याला टांगा. काटा नसेल तर फूटपट्टीची फीत: पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, हे किलोत वजन. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर सुमारे ३१ किलो. लोकर दाबून माप घ्या. सगळ्यांचं शक्य नसेल तर कळपाचे वजनानुसार तीन गट करा आणि प्रत्येक गटातल्या सगळ्यात जड जनावराच्या वजनाने त्या गटाला औषध द्या. सरासरीने दिलं तर गटातल्या निम्म्या जनावरांना मात्रा कमी पडते. अपवाद क्लोझांटेल आणि लेव्हामिसोलचा, तिथे हलक्या जनावराचं वजन वेगळंच करा. गायी-म्हशींची १.५ ग्रॅमची गोळी तोडून मेंढ्यांत वाटणं तर सोडूनच द्या, तुकडे कधी सारखे होत नाहीत.

पाजताना

बाटली प्रत्येक पाच-सहा जनावरांनंतर हलवा. पांढरं औषध तळाला बसतं, आणि न हलवता पाजत गेलं तर पहिल्या मेंढ्यांना पाणी मिळतं आणि शेवटच्यांना गाळ. सिरिंजचं माप आदल्या दिवशी औषधाच्या मोजपात्रात तपासा, जुन्या पाजणीच्या बंदुकीचा रबरी वायसर झिजला की दहा मिलिलिटरच्या खुणेला आठच येतात.

जनावर पायांत धरून उभं ठेवा, डोकं जमिनीला समांतर किंवा किंचित वर, एवढंच. मान उंच केली की औषध श्वासनळीत जातं आणि दोन दिवसांत न्यूमोनियाने मेंढी जाते. नळीचं टोक तोंडाच्या कोपऱ्यातून, दात नसलेल्या जागेतून आत घाला, जिभेच्या मुळाशी न्या आणि मग सोडा. टोक जिभेच्या पुढच्या भागावर असेल तर अन्ननलिकेची खाच मिटते, औषध कोठीपोट टाळून थेट पुढे जातं आणि लवकर बाहेर पडतं. कोठीपोटात गेलं तर ते हळूहळू झिरपून जंतांना जास्त वेळ भिडतं. याच कारणाने अल्बेंडाझोल गटाचं औषध पाजण्याआधी रात्रभर, बारा तास, चारा बंद ठेवला तर गुण वाढतो. पाणी चालू ठेवा. शेवटच्या महिन्यातल्या गाभण, नुकत्या व्यालेल्या आणि पापणी ५ असलेल्या मेंढीला उपाशी ठेवू नका.

पापणी ५ असलेलं जनावर पळवून धरू नका. रक्त इतकं कमी असतं की धावल्यावर जागीच कोसळतं. त्याला वाड्यापाशीच, म्हणजे कळपाच्या मुक्कामापाशी, ठेवून रोज १०० ते १५० ग्रॅम पेंड, ओला पाला, पाणी द्या. जंत मेले तरी रक्त भरायला तीन-चार आठवडे लागतात, आणि ते प्रथिनाशिवाय भरत नाही.

मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, पाजण्याचा जुना उपाय अजून कुठे कुठे चालतो. मेंढीला तांबं सोसत नाही, ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस लघवी लाल होऊन मेंढी मरते. बाभळीचा, हिवराचा, बोरीचा पाला मात्र जरूर खाऊ घाला: त्यातल्या तुरट द्रव्याने जंतांवर थोडा दाब राहतो आणि तोंड जमिनीपासून वर राहतं. औषधाची जागा तो घेत नाही.

औषध लागू पडतंय का

दहा मेंढ्यांची लेंडी औषधाच्या दिवशी आणि पुन्हा चौदाव्या दिवशी तपासा, त्याच मेंढ्या. समजा आधीची सरासरी १,६०० होती आणि नंतर ३२० आली. अंडी ८० टक्क्यांनी घटली. ऐकायला बरं वाटतं, पण ९५ टक्क्यांच्या खाली आलं की जंत त्या गटाला सरावले असं समजायचं, अर्थात माप आणि पाजणी बरोबर होती याची खात्री असेल तर. मग त्या गटाचं औषध बंद करून डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरा गट, किंवा दोन गट एकाच दिवशी, वेगवेगळ्या सिरिंजने. बाटल्या एकमेकींत मिसळू नका.

सरावलेले जंत वाढू नयेत म्हणून थोडी धडधाकट जनावरं औषधाविना ठेवणं गरजेचं असतं. इथे आपल्या भागाची खास गोची आहे. मेच्या उन्हात रानातल्या अळ्या जळून गेलेल्या असतात, जंत उरतात ते फक्त जनावरांच्या पोटात. त्या वेळी अख्ख्या कळपाला औषध पाजलं तर जे औषधाला पुरून उरले तेवढेच जंत पावसाळ्यातल्या रानाचे मालक होतात. म्हणून पावसाळ्याआधीच्या मोहिमेतही १ आणि २ पापणीच्या धडधाकट मोठ्या मेंढ्या वगळा. आणि औषध पाजल्या पाजल्या कोऱ्या रानात नेऊ नका, चार-पाच दिवस जुन्याच रानात चरू द्या. त्यांच्या पोटात थोडे साधे, औषधाने मरणारे जंत पुन्हा जाऊ देणं फायद्याचं आहे.

बाजारातून, मग तो आटपाडीचा असो की म्हसवडचा, आणलेलं जनावर म्हणजे दुसऱ्याच्या कळपातले सरावलेले जंत घरी आणणं. तीन-चार आठवडे वेगळं बांधा, दोन वेगळ्या गटांची औषधं द्या, पहिले दोन दिवस टणक जागेवर ठेवून लेंड्या झाडून खड्ड्यात टाका, चौदाव्या दिवशी लेंडी तपासा, मगच कळपात सोडा.

रान आणि गोठा

फिरत्या कळपाची पद्धत मुळातच शहाणपणाची आहे. एका शेतात दोन-तीन रात्री बसवून वाडा पुढे गेला की मागे राहिलेल्या अळ्या तयार होईपर्यंत मेंढरं तिथे नसतात. त्रास सुरू होतो पावसाळ्यात, कळप गावाकडे चार महिने ठाण मांडून त्याच माळावर आणि त्याच ओढ्याकाठी रोज चरतो तेव्हा. माळाचे तीन-चार भाग करून एका भागात चार दिवसांपेक्षा जास्त चारू नका. त्या भागात परत यायला दोन महिने मिळाले तर उत्तम. दव उडाल्यावर, नऊनंतर सोडा. गवत चार बोटांच्या खाली कुरतडलेलं रान सोडून द्या. काढणीनंतरचं बाजरी-ज्वारीचं रान आणि उसाचं वाडं हे जवळजवळ जंतमुक्त खाणं, ते आधी कोकरांना आणि व्यालेल्यांना द्या. व्यायच्या आधी दोन आठवडे आणि नंतर दीड-दोन महिने मेंढीची जंतांना रोखण्याची ताकद घटते आणि तिच्या लेंडीतली अंडी एकदम वाढतात. नेमकी तेव्हाच तिच्यामागे कोकरं चरायला शिकत असतात.

बांधून पाळलेल्या शेळ्यांना रान नसलं तरी जंत होतात, कारण चारा जमिनीवर लेंड्यांतच टाकला जातो. गव्हाण जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच, आणि तिच्यात पाय घालता येणार नाही अशी. लेंड्या चार दिवसांच्या आत गोळा करून एका जागी दाट ढीग करा. ढिगाच्या आतल्या उष्णतेने अंडी मरतात, पसरून टाकलेल्या खतात नाही. पाण्याच्या टाकीखालचा चिखल बुजवा.

वाड्यावरच्या कुत्र्यांना कच्चं काळीज, फुप्फुस किंवा मेंदू टाकू नका. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी होतात आणि त्यांची अंडी गवतावरून मेंढीत गेली की तिच्या मेंदूत पाण्याची पिशवी तयार होऊन ती एकाच बाजूला गोल फिरत राहते. दुसऱ्या जातीच्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याच्या गाठी होतात. कुत्र्याला दर तीन महिन्यांनी प्राझिक्वांटेल ५ मिलिग्रॅम प्रति किलो द्या, आणि कापलेल्या जनावराची टाकाऊ आतडी-पोटं कुत्र्यांना उकरता येणार नाहीत एवढी खोल पुरा.

औषध दिलेलं जनावर लगेच कापायला किंवा त्याचं दूध घरात वापरायला नाही. बाटलीच्या चिठ्ठीवर मांस आणि दुधासाठी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. क्लोझांटेलचे दिवस अल्बेंडाझोलपेक्षा बरेच जास्त असतात. बकरी ईदला किंवा जत्रेला विकायचे बोकड त्या हिशेबाने आधीच वेगळे काढा आणि वहीत औषधाच्या तारखेशेजारी विकायला मोकळं होण्याची तारीख लिहून ठेवा.